समुद्र नसलेली वाळू

"गाडी बंद कर आणि खाली उतर."

मंगलवैनींकडे गाडी शिकायला गेले, तेव्हा त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं पहिलं वाक्य हे. मी अजून गाडी सुरूसुद्धा केली नव्हती. मी चाळिशी ओलांडलेली बाई, मोठ्या मुश्किलीनं धीर गोळा करून स्टिअरिंगसमोर बसलेली, आणि ही बाई म्हणते खाली उतर. मी उतरले. मग त्यांनी मला आमच्या कट्टा गावच्या बाजारातून चालत नेलं आणि चालत परत आणलं. वाटेत खड्डा कुठे, गटार कुठे, कुणाचा कुत्रा गाडीसमोर झोपतो, हे सगळं माझ्याकडून वदवून घेतलं. त्या दिवशीची शिकवणी तेवढीच. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी कुरकुरले तेव्हा म्हणाल्या, "जी वाट पायांक म्हायत नाय, ती गाडयेक दाखवू नको."

कट्ट्याच्या बाजारात माझं औषधांचं दुकान, आणि रस्त्याच्या पलीकडे त्यांची ड्रायव्हिंग स्कूल. स्कूल म्हणजे पत्र्याची एक शेड, शिकवणीची एक लहान गाडी आणि शेडच्या सावलीत उभी त्यांची स्वतःची जीप. यजमान मुंबईला नोकरीत. त्यांनी ऐन उमेदीत हौसेनं ती जुनी फोर बाय फोर जीप घेतली, दारात उभी केली, आणि रजा संपली म्हणून मुंबईला निघून गेले. वैनींनी काही दिवस तिच्यावर लाल मिरच्या वाळत घातल्या. मग एके दिवशी त्याच जीपमध्ये काजूची पोती भरून त्या स्वतः बाजारात आल्या. कुणाकडे शिकल्या, कधी शिकल्या, कुणाला पत्ता नाही. विचारलं तर म्हणायच्या, "गाडयेनच शिकवल्यान." त्या जीपला नंतर दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही, खुद्द यजमानांचासुद्धा. ते सुट्टीवर आले की मुकाट्यानं शेजारी बसायचे.

बाई तशी ठेंगणी. सुती साडी, निऱ्या वर खोचलेल्या, तोंडात कायम पेपरमिंटची गोळी. हॉर्नचा भयंकर राग. शिकणाऱ्यानं हॉर्न वाजवला की विचारणार, "कोणाक आराडतंस?" कौतुक तर औषधालाही मिळायचं नाही, आणि हे मी औषधवाली असून सांगते आहे. माझा परवाना हातात पडला, तेव्हा मी पेढे घेऊन गेले. एक पेढा तोंडात टाकून त्या म्हणाल्या, "बरां झाला, गाडी बंद पडली नाय." घरी जाऊन मी ते वाक्य नवऱ्याला तीनदा ऐकवलं. मंगलवैनींच्या हिशेबात ते पदक होतं.

दुसरा गुण म्हणा की खोड म्हणा, ही बाई कधी चुकायचीच नाही. म्हणजे चुकायची, पण कबूल करायची नाही. एकदा मसुऱ्याला लग्नाला निघालो. मी सांगत होते डावीकडे, वैनींनी जीप घातली उजवीकडे. वाट अरुंद होत होत थेट कुणाच्या तरी खळ्यात, म्हणजे अंगणात, जाऊन संपली. समोर वाळत घातलेलं भात, बाजूला बांधलेली गाय आणि ओटीवर तोंडाचा आ करून बसलेली म्हातारी. मला हसू आवरेना. वैनी शांतपणे उतरल्या, म्हातारीकडे पाणी मागून प्यायल्या, गाय किती दूध देते त्याची चौकशी केली आणि परत येऊन मला म्हणाल्या, "खूप दिवस येवचा होता हंय." लग्न लागून गेलं होतं. आम्ही जेवणाला पोचलो.

अशा बाईच्या डोक्यात वाळवंट शिरलं. कुठून शिरलं ते मला माहीत आहे, कारण मी तिथेच होते. ओहोटीच्या वेळी त्या आम्हाला मिठबावच्या किनाऱ्यावर न्यायच्या, वाळूत गाडी कशी चालवायची ते शिकवायला. ओहोटीला इकडे सुकती म्हणतात. पाणी मागे सरलं की जी ओली, काळपट पट्टी उघडी पडते ती घट्ट असते, तिच्यावर गाडी पळते. वरची सुकी पांढरी वाळू भुसभुशीत, तिच्यात चाक रुततं. हे शिकवता शिकवता एकदा त्या थांबल्या आणि समुद्राकडे पाठ करून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "ही वाळू झाली. समुद्र नसलेली वाळू कशी आसात गो?"

पुढचा सगळा पावसाळा त्या प्रश्नात गेला. संध्याकाळी माझं दुकान बंद झालं की त्या घरी यायच्या, टीव्हीवर उपग्रहाचा नकाशा लावायला लावायच्या, आणि राजस्थानातली एकेक वाट बोटानं चाचपायच्या. आमच्या घरातल्या मालिका त्या चार महिन्यांत कुठल्या कुठे गेल्या. सासूबाई आधी रागावल्या, मग त्यांनाच नाद लागला. "ती कालची वाट लाव, विहिरीकडची," असं त्या स्वतःहून सांगू लागल्या.

वाट नाकारण्यात वैनी पटाईत. पर्यटकांची वाट नाकारली, कारण "थंय उंटांपेक्षा माणसां जास्ती." सरहद्दीजवळची नाकारली, कारण तिथे परवानगीचं लफडं. एक फार सुंदर वाट होती, दोन उंच टेकाडांच्या मधून घळीसारखी जाणारी. मला वाटलं हीच. वैनींनी ती बोटानं पुसून टाकली. "आत जावक जागा आसा. परत फिराक खंय आसा?" हा त्यांचा पहिला प्रश्न असायचा. दुसरा प्रश्न, पाणी कुठे? तिसरा, आपल्यात सगळ्यात भित्री कोण, आणि तिला हे जमेल का? वाट निवडायची ती भित्रीच्या मापानं, धीट बाईच्या मापानं नाही, हे त्यांनी आम्हाला इतक्यांदा ऐकवलं की आमची भित्री ते ऐकून आणखी भ्यायला लागली.

खारेपाटणला एक निवृत्त फौजी राहतात, त्यांनी जैसलमेरला नोकरी केलेली, असं कुणीतरी सांगितलं. वैनी मला घेऊन तिकडे. त्यांनी विचारलं, वाळूचा रंग कसा, सकाळी कशी असते, दुपारी कशी, वाऱ्याच्या बाजूला कशी. फौजी काका प्रत्येक प्रश्नावर डोळे मिटायचे आणि तिकडची बाजरीची भाकरी आणि लसणीची चटणी सांगायचे. दोन तास चटणी ऐकून आम्ही परतलो. पण निघताना ते एक कामाचं बोलले. सकाळच्या थंडीत वाळू घट्ट असते, ऊन चढलं की सैल होते. वैनींनी तेवढं उचललं. "दोन तास फुकट गेले," मी म्हटलं. "फुकट कित्या? चटणी करून बघ," त्या म्हणाल्या.

जायचं ठरलं ते तीन गाड्यांनी. एक वैनींची जीप, तिच्यात मी सोबतीला. दुसरी मालवणच्या रोझीची. रोझीची बेकरी आहे, आवाज खणखणीत, भीती कशाशी खातात हे तिला ठाऊक नाही. तिसरी विद्याची. विद्या म्हणजे आमची ती भित्री, कट्ट्याच्या शाळेत शिक्षिका. वर्गात वाघीण आणि स्टिअरिंगवर बसली की घामाघूम. आम्हा तिघींना शिकवलं वैनींनीच. ड्रायव्हर कुणी भाड्यानं घ्यायचा नाही, गाड्या आपणच चालवायच्या, हा वैनींचा हट्ट.

अडचण एकच होती. विद्याची गाडी तिची नव्हतीच, ती तिच्या सासऱ्यांची. नाना काजूचे मोठे बागायतदार, बागेत फिरायला त्यांनी ती फोर बाय फोर घेतलेली. नाना माणूस वाईट नाही, पण हट्टी. त्यांनी वैनींना खळ्यात बोलावून चारचौघांसमोर सांगितलं, "गाडी देतंय. पण वाळयेत एक जरी गाडी अडाकली, तर थंयच डायवर करूचे आणि डांबरी रस्त्यान सरळ घराक येवचा. कबूल?"

"कबूल," वैनी म्हणाल्या. "माजो शब्द."

नाना हसले, कारण त्यांना खात्री होती. वैनीही हसल्या, कारण त्यांनाही खात्री होती.

निघायच्या सकाळी गाड्यांसमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं झालं. आमच्याकडे कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. एकानं देवाला मोठ्यानं सगळं सांगायचं, आणि प्रत्येक मागणीनंतर जमलेल्या सगळ्यांनी म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" त्या दिवशी ते नानांनीच घातलं, पुरुषांनीच घालायची रीत. पण 'व्हय म्हाराजा' म्हणायला लहानथोर सगळे असतात, आणि पाळण्यात असल्यापासून ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं की कानावर गाऱ्हाणं आलं की तोंड आपोआप उघडतं.

जैसलमेरपर्यंतचा प्रवास मी सांगत बसत नाही. आम्ही एका ढाणीवर उतरलो, म्हणजे रानातली पाच-सहा घरांची वस्ती. तिथून पुढे वैनींनी निवडलेली वाट सुरू व्हायची. टायरांतली हवा निम्मी कमी केली, सूर्य वर यायच्या आत निघालो, आणि पहिली लहान टेकाडं तिघींनीही अशी काही पार केली की मला रडू यायला लागलं. कट्ट्याच्या बाजारात रिव्हर्स घेताना रडणाऱ्या विद्यानंसुद्धा. वैनी पुढे, मध्ये विद्या, मागे रोझी. दोन गाड्यांमध्ये भरपूर अंतर, ही वैनींची शिस्त.

मग वाट फुटली. समोर एक सपाट, सुकलेल्या तळ्यासारखी जागा होती. तिच्या कडेकडेनं लांबचा वळसा, पांढऱ्या भुसभुशीत वाळूचा. आणि मधून थेट पट्टी, काळपट, ओलसर, आरशासारखी सपाट. वैनींचे डोळे चमकले. "बघ गो," त्या मला म्हणाल्या, "आपल्या मिठबावची सुकती!"

आणि त्या खाली उतरल्या नाहीत. आयुष्यभर सगळ्यांना खाली उतरवणाऱ्या बाईनं ती एक वाट पायांनी बघितली नाही, कारण ती आपलीच वाटली. आम्ही किनाऱ्यावरची माणसं. ओली काळी वाळू म्हणजे घट्ट वाळू, हे आमच्या रक्तात भिनलेलं. थोडं अंतर गाडी खरंच पळाली. मग चाकांखाली कुरकुर झाली, वरचा मिठाचा पापुद्रा फुटला, आणि जीप पोटापर्यंत काळ्या चिखलात बसली. आमच्याकडे पाणी खाली निघून जातं आणि वाळू दाबून जातं. तिथे पाणी खालून वर येतं आणि मिठाखाली नुसता चिखल धरून ठेवतं. हे शहाणपण आम्हाला नंतर सुचलं.

विद्या आणि रोझी काठावरच थांबल्या, अंतर होतं म्हणून वाचल्या. ढाणीवरून ट्रॅक्टर आला, लांब दोर लावून जीप ओढून काढली. ढाणीतल्या बायकांनी आम्हाला ताक पाजलं, आणि आमच्या काळ्याभोर पायांकडे बघून पदरात तोंड लपवून हसल्या. मी वैनींकडे बघत होते. आता या म्हणणार, हा चिखल मला मुद्दाम दाखवायचा होता. मसुऱ्याच्या खळ्यासारखं काहीतरी. पण त्यांनी पाय धुतले आणि संध्याकाळपर्यंत बाजेवर बसून राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "सकाळी डायवर बघूया."

रोझी उसळली. "खुळावलंस काय गो वैनी? नाना काय हंय बघूक इलेत?"

"नाना नाय इले, माजो शब्द इलो आसा."

वैनी खोटं बोलणार नाहीत आणि आम्हाला बोलू देणार नाहीत, हे आम्ही ओळखलं. आणि ड्रायव्हर बसवून डांबरी रस्त्यानं कट्ट्याला परतायचं म्हणजे काय, हेही ओळखलं. पुढे कट्ट्यातली कुठलीही बाई गाडी मागायला गेली की तिला आमची गोष्ट ऐकवली जाणार. वैनींची शाळा त्या चिखलातून कधी वर आली नसती. तेव्हा आमच्यातली भित्री बोलली. "मी फोन करतंय नानांक," विद्या म्हणाली. "झाला ता सांगतंय."

फोनला रेंज फक्त ढाणीतल्या उंच बांधलेल्या पाण्याच्या टाक्यावर. सकाळी आम्ही सगळ्या वर चढलो. विद्यानं स्पीकर लावला. "नाना, गाडी अडाकली."

"कोणाची?"

"वैनींची."

तिकडे नाना खुदकन हसले ते आम्हाला ऐकू आलं. "मगे ठरल्याप्रमाणे करा आणि येवा."

वैनी पुढे झाल्या. "नानानू, शब्द माजो आसा. पण देवाक सांगून निघाल्लंय, त्याका सांगल्याशिवाय फिराचा नाय. गाऱ्हाणां घालतंय."

आणि त्या माळरानात, टाक्यावर उभं राहून, हात जोडून मंगलवैनींनी गाऱ्हाणं सुरू केलं. बाईनं गाऱ्हाणं घातलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"बा देवा म्हाराजा! आज तुजी लेकरां घरदार सोडून ह्या परक्या वाळयेत उभी आसत, त्येंच्यार नजर ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही म्हटलं.

"काल जी गाडी रुतली, ती कोणाच्या दोषान नाय. चूक माजी. मी उतरलंय नाय, मी बघलंय नाय, गर्वान गाडी घातलंय. ता माजा चुकला, पोटात घाल रे म्हाराजा!"

रोझीचा खणखणीत आवाजही फुटेना. ते 'व्हय म्हाराजा' आम्ही कसंबसं म्हटलं. आणि तेवढ्यात फोनमधून आणखी एक आवाज आला, जाडाभरडा, सवयीचा. नाना. त्यांच्याही तोंडून आपोआप निघालं होतं.

वैनींनी आम्हा पोरींकडे बघितलं. मग आवाज चढवून म्हणाल्या, "मी आता फुडे चलत नाय. फुडची वाट चेडवां निवडतली, गाड्यो चेडवांच चालवतली, कोण डायवर नको. त्येंका कोणी आडवो येव नये, आणि सगळ्यांका सुखरूप घराक पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज कट्ट्याहून आला.

मग नानांच्या लक्षात आलं. "गो मंगल! माका फसवलंस!"

"मी देवाक सांगी होतंय," वैनी म्हणाल्या. "तुमीच मधी व्हय म्हटलास."

आता देवासमोर दिलेला होकार मागे कोण घेणार? नाना नाही, त्यांचे वाडवडीलही नाहीत. मग नाना म्हणाले, "विद्या, टायरांतली हवा बघ. आणि जेवून निघा." फोन बंद झाला आणि आम्ही त्या टाक्यावर एकमेकींच्या गळ्यात पडलो. वैनींनी ते मुद्दाम केलं का, हे मी त्यांना नंतर अनेकदा विचारलं. त्या पेपरमिंट चघळत दुसरीकडे बघतात. पण दुसऱ्या मागणीत त्यांचा आवाज कापला होता, तो ठरवून कापता येत नाही.

वाट विद्यानं निवडली. अगोदर पायी जाऊन आली. परत फिरायला जागा आहे का ते बघितलं, ओल्या जागांपासून लांब राहिली, लांबचा वळसा घेतला. वैनी पाठीमागे हात बांधून तिच्या मागून चालत होत्या, एक अक्षर न बोलता. त्यांना गप्प बसणं किती जड गेलं असेल ते मीच जाणे. मग गाड्या निघाल्या, पुढे विद्या, आणि वैनींची जीप सगळ्यांत मागे. शेवटी एक उंच टेकाड होतं, ते ओलांडलं की वाट संपून पक्का रस्ता. जीप खाली ठेवून वैनी मला घेऊन आधीच पायी माथ्यावर जाऊन उभ्या राहिल्या आणि तिथून हातानं खुणा करू लागल्या. रोझी एका दमात वर गेली. विद्या अर्ध्यात अडकली, सरळ मागे आली, पुन्हा चढली आणि पार झाली. गाडीतून उतरली तेव्हा तिची मान ताठ होती. शाळेतल्या बाईंची मान.

खाली उरली वैनींची जीप. आम्हाला वाटलं, आता त्या उतरतील आणि ती आणतील. त्यांनी कनवटीची किल्ली काढली, हातात थोडा वेळ धरली आणि विद्याकडे फेकली. "तूच हाड ती वर."

विद्यानं किल्ली झेलली आणि तशीच उभी राहिली. तिला रडू आलं होतं आणि भीतीही वाटत होती. मग आम्ही तिघी वाळूतून घसरत खाली आलो. विद्या स्टिअरिंगवर, वैनी तिच्या डावीकडे, मी मागे.

ड्रायव्हिंग शिकवणारी माणसं डावीकडे बसली की त्यांचे पाय स्वस्थ राहत नाहीत. शिकवणीच्या गाडीत त्या बाजूलाही ब्रेक असतो, आणि जिथे नसतो तिथेही त्यांचे पाय तो दाबत असतात. आयुष्यभराची सवय. विद्यानं गिअर टाकला, जीप गुरगुरली आणि समोर वाळूची उभी भिंत आली. मी मागून वैनींच्या पायांकडेच बघत होते.

त्यांनी चपला काढून बाजूला सारल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि जेवायला बसावं तशी सीटवर मांडी घातली.